अरण्यातील मुक्कामाचा परवाना

मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथील सरकारी जंगलांत वाघाच्या शिकारीस निघणाऱ्या गृहस्थाजवळ उत्तम रायफल, अनुभवी शिकारी आणि मुबलक शिधा असला, तरी वनखात्याचा परवाना हाती पडेपर्यंत त्याला तेथे राहुटी ठोकून एक रात्रही काढता येत नसे. जंगलाच्या कोणत्या गटात, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या जनावरांची शिकार करावयाची, याची मर्यादा तो परवाना घालून देई. शिकाऱ्यांच्या आठवणींत नेम आणि धारिष्ट यांची वर्णने विपुल आहेत. परंतु अरण्यात रात्री राहण्याचा अधिकार राज्यसत्तेने कोणाला दिला आणि कोणाकडून काढून घेतला, हे समजून घ्यावयाचे तर मुक्कामाच्या या नियमांकडेच वळले पाहिजे.

1861 साली मध्य प्रांताची स्थापना झाली आणि लवकरच सातपुड्यातील साग व साल यांची मोजदाद सुरू झाली. रेल्वेच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडाची मागणी वाढत होती, आणि सरकारचे लक्ष त्या वेळी जनावरांपेक्षा इमारती लाकडावर अधिक होते. जेम्स फोरसिथ या लष्करी अधिकाऱ्याने 1862 साली पचमढीस मुक्कामासाठी ‘बायसन लॉज’ बांधले, तेही वनांच्या पाहणीच्या निमित्ताने. पुढे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना शिरणे, मनाईच्या हंगामात विस्तव पेटवणे किंवा जवळ बाळगणे आणि सरकारी नियमांविरुद्ध शिकार करणे, हे तिन्ही अपराध एकाच कलमात गोवले. 1927 च्या कायद्यानेही तीच चौकट राखली. शिकाऱ्याचा परवाना हा या मनाईला दिलेला अपवाद होता, आणि म्हणूनच देणाऱ्याला तो अटींनी बांधता येत असे.

त्या अटींत सर्वांत कडक अट विस्तवाची असावी, हे या भूमीच्या ऋतुमानाशी सुसंगतच होते. चैत्र-वैशाखात सागाची पाने गळून दूरवरचे दिसू लागते, नाले आटतात, जनावरे उरल्यासुरल्या डोहांभोवती गोळा होतात; वाघाच्या शिकारीला याहून सोयीचा काळ नाही. परंतु पायाखाली पालापाचोळ्याचा थर पडून वणव्याची भीती पराकोटीस पोहोचते तीही याच दिवसांत. म्हणून शिकारी आणि वनाधिकारी या दोघांचे हित एकाच ऋतूत एकमेकांना छेदत असे. जंगल गटांत विभागून एका वेळी एका गटात एकाच मंडळीला प्रवेश देणे, काही गट विश्रांतीसाठी बंद ठेवणे, तळ कोठे पडावा आणि चूल कोठे पेटावी यावर खात्याची नजर असणे, हा सारा बंदोबस्त याच पेचातून निघाला. खात्याची विश्रामगृहे होती, पण त्यांवर पहिला हक्क दौऱ्यावरील अधिकाऱ्याचा असे.

असा तळ एकदा पडला की त्याभोवती एक लहानसे गावच उभे राही. बैलगाड्यांतून तंबू व भांडीकुंडी येत, पाटलाकडे रसदीचा निरोप जाई, आणि सायंकाळी नाल्यांच्या तोंडाशी आमिष म्हणून रेडे बांधले जात. पहाटे माणसे प्रत्येक जागा पाहून येत. एखादा रेडा मारलेला आढळला की गोंड किंवा कोरकू गड्यांची रांग हाका घालण्यास सज्ज होई. काहींना बाजूच्या झाडांवर बसवीत. वाघ रांग चुकवून आडवा निघू लागला, तर त्यांनी खोडावर हलकेच टकटक करून त्याला शिकाऱ्याच्या मचाणाकडे वळवावयाचे असे. बंदुकीचा नेम साहेबाचा, परंतु तेथवर वाघ आणण्याची विद्या या माणसांची होती, आणि हाक्यातील जिवाचा धोकाही बव्हंशी तेच पत्करीत.

या व्यवस्थेतील अन्याय येथेच होता. पाहुण्याला परवान्याने जंगलातील रात्र मिळे, आणि ज्याचे पूर्वज त्याच जंगलात वाढले, त्याला मात्र सरपणासाठी निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या सवलतीच्या, मर्यादेत आणि गुरांसाठी वनखात्याच्या नाकेदाराच्या मर्जीवर राहावे लागे. मजुरीची तरतूद व्हावी म्हणून खात्याने वसवलेल्या वनग्रामांतील रहिवाशांचे तर घर आणि शेतही खात्याच्या अनुमतीवर उभे होते. वणवा लागल्यास तो विझवण्यास मदत करणे हे जंगलात हक्क असलेल्यांवर कायद्यानेच बंधनकारक होते; रसद आणि वेठ यांची सक्ती त्याहून निराळी. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून जो प्रतिसाद उमटला, त्यामागे ही दोन पिढ्यांची साठलेली वेदना होती.

स्वातंत्र्यानंतर नागपुरासारख्या शहरांतून शिकार-कंपन्या निघाल्या आणि परदेशी पाहुणे त्यांच्यामार्फत गट राखून ठेवू लागले. बैलगाडीची जागा जीपने घेतली आणि मचाणावरील प्रतीक्षेची जागा प्रखर दिव्याने. ज्या संथ गतीवर जुने नियम विसंबून होते, ती गतीच नाहीशी झाली. ताडोब्याला 1955 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 1970 साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जुन्या परवान्याचे स्वरूप पालटले. अभयारण्यात प्रवेशासाठी अनुज्ञा, आगीची मनाई आणि शस्त्र घेऊन जाण्यास बंदी, ही त्याची कलमे पाहिली की शिकारीच्या काळातील अटी बंदूक वगळून तशाच पुढे आल्याचे ध्यानात येते. अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी आज जी अनुज्ञा मिळते, तिचे मूळ शिकाऱ्याच्या त्या जुन्या परवान्यात आहे.

जंगलाला मुदत, मर्यादा आणि विस्तवाची शिस्त हवी, हे त्या जुन्या व्यवस्थेने ओळखले होते, आणि तेवढ्यापुरते तिचे ऋण मान्य केले पाहिजे. तिचा दोष एवढाच, पण तो गंभीर, की शिस्तीचा सारा भार तिने रहिवाशावर टाकला आणि सवलत पाहुण्याला दिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने हा क्रम उलटा करण्याचा मार्ग खुला केला, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून तो चालून दाखवला. आज पर्यटकांसाठी अरण्यातील रात्रीच्या मुक्कामाचे नियम पुन्हा लिहिले जात असताना, पहिले बंधन बाहेरून येणाऱ्यावर आणि पहिला शब्द तेथे राहणाऱ्याचा, हे तत्त्व त्यांच्या आरंभीच नमूद झाले पाहिजे.