सारनाथच्या मूर्ती पुलाखाली कशा गेल्या?

"बौद्ध धम्म या देशात एवढा मोठा होता, तर त्याच्या खुणा गेल्या कुठे?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. काही खुणा लेण्यांत आहेत, काही जुन्या पुलांत आणि बाजारपेठांत गेल्या. वाराणसीचेच पाहा.

राजा चेतसिंगाचा दिवाण राहिलेल्या जगतसिंगाला जगतगंज बाजार बांधायला विटा हव्या होत्या. १७९४ साली त्याच्या माणसांनी सारनाथचा धर्मराजिका स्तूप फोडला. आत दगडी पेटीत हिरव्या संगमरवराचा करंडक आणि अस्थी सापडल्या. अस्थी गंगेत टाकल्या, विटा बाजाराला लागल्या. आज तिथे स्तूपाचा फक्त गोल पाया दिसतो.

पुढे १८३५-३६ मध्ये कनिंगहॅमने सारनाथला उत्खनन केले. तिथल्या ४८ मूर्ती व कोरीव दगड नंतर वरुणा नदीत टाकले गेले. कशासाठी? पुलाच्या खांबांना पाण्याचा मार बसू नये म्हणून! दुसऱ्या, लोखंडी पुलासाठी सारनाथचे ५० ते ६० गाड्या दगड वापरले.

हे करणारे सगळे धम्माचे वैरी होते असे नाही. ज्यांनी वारसा म्हणून जपावे, असा समाजच तिथे उरला नव्हता. ओळखणारा संपला की मूर्तीचा दगड होतो, हा खरा धडा आहे.

त्याच सारनाथला १९०४-०५ मध्ये एर्टेल या बांधकाम खात्यातील अभियंत्याने उत्खनन केले आणि अशोकाचा सिंहस्तंभशीर्ष बाहेर आला. २६ जानेवारी १९५० रोजी तो भारताची राजमुद्रा झाला. एकाच जमिनीतला एक दगड पुलाखाली, दुसरा प्रत्येक नाण्यावर!

म्हणून मित्रांनो, आपल्या भागातले जुने पूल, बारव, वेशी, किल्ल्यांच्या भिंती डोळे उघडे ठेवून पाहा. कोरीव दगड दिसला तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. दगड उपटू नका, त्याला रंग फासू नका. आणि कमळ किंवा चक्र दिसले की लगेच "बौद्ध" म्हणू नका. ही चिन्हे जैन आणि ब्राह्मणी शिल्पांतही आहेत. अभ्यासकाला दाखवा, मगच बोला.

आपला एक कच्चा दावा विरोधकांना दहा पक्के पुरावे नाकारायची संधी देतो.

जय भीम!