दंडावरचा पट्टा, कोपरापाशी कान

उच्च रक्तदाब पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही. मोजल्यावाचून तो कळावा कसा? इंग्लंडातील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली एका प्रयोगाची हकीकत छापली. घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडताच रक्त तीत ८ फुटांहून उंच चढले होते. माणूस हे कसे करू देणार?

१८९६ मध्ये इटलीतील तुरीन येथे रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधला व त्याला पाऱ्याची नळी जोडली. पट्टा फुगता फुगता मनगटाची नाडी लोपे, तो वरचा दाब. खालचा मात्र बोटांना गवसेना.

तो गवसला कानाला! रशियन शस्त्रवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांना जखमी धमन्यांवर नळी ठेवून ऐकण्याचा सराव होता. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी सांगितले : पट्टा सैल करीत कोपरापाशी ऐका, ठोके उमटू लागतात तो वरचा दाब, ते विरतात तो खालचा. एवढे मोठे काम, पण निवेदन पानभरही नव्हते.

पाऱ्याची उपकरणे आता बहुतेक ठिकाणी मागे पडली. आकडा मात्र अजून पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगतात. आणि डॉक्टर ऐकत असता रोग्याने गप्पा मारू नयेत. त्याने दाबही वाढतो, आणि ठोकेही नीट ऐकू येत नाहीत.