घरमालक गेला, पाटी राहिली

बदलापूर पश्चिमेला सोनिवलीसारख्या भागात नव्या इमारतीत पहिलं बिऱ्हाड येतं, तेव्हा शेजारी कोण असणार हे कुणालाच ठाऊक नसतं. नियम मात्र ठरलेले असतात. गॅलरीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत, पाहुण्यांची गाडी आत आणू नये, ठोकाठोकीची कामं दुपारी करू नयेत, परवानगीशिवाय भाडेकरू ठेवू नये. ताबा देताना ही यादी बिल्डरच्या ऑफिसातून मिळते, बहुधा आधीच्या एखाद्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली. पुढे कमिटी आली की तीच पाटीवर रंगवून गेटजवळ लागते. यादीतल्या बऱ्याच गोष्टी वाजवी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. खटकतो तो सूर. तो घरमालकाचा आहे, आणि गृहनिर्माण संस्था ही गोष्ट तर घरमालकापासून सुटका म्हणून जन्मली होती. गेलेला घरमालक पाटीवर परत कसा आला, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीनं राहणाऱ्या माणसांना कसं वागवायचं हा सरकारी विषय बनला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. अशा चाळींतून नियमांचे दोन थर असत. एक मालकाचा, मग तो मालक खासगी असो की सरकार: भाडं वेळेवर, पोटभाडेकरू नको, भिंतीला हात लावायचा नाही. दुसरा राहणाऱ्यांचा आपापसातला: नळावर कुणाची कळशी आधी, सामाईक गॅलरीत कुणाचं काय चालेल, गणपतीची वर्गणी किती. हा दुसरा थर कुठे लिहिलेला नव्हता आणि चाळ चालायची ती बरीचशी त्याच्यावर. पण सही, शिक्का आणि घराबाहेर काढण्याची ताकद पहिल्या थराकडे होती.

या दोन थरांचं एकच पान करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न गावदेवीला झाला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायला १९१२ च्या कायद्यानं मोकळीक दिली, आणि १९१५ मध्ये त्यांच्या पुढाकारानं सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. त्या काळी इंग्लंडात चालू असलेल्या भाडेकरूंच्या भागीदारीचा नमुना समोर होता. इमारत संस्थेची, संस्था सभासदांची, आणि सभासद त्याच इमारतीचा भाडेकरू. म्हणजे भाडं घेणारा आणि देणारा एकच. नियम करणाऱ्यालाच तो नियम जिन्यात, नळावर आणि गच्चीवर पाळायचा होता. माझ्या मते सहकारी घराचा खरा शोध हा आहे. स्वस्त घर हा त्याचा जोडलाभ.

मग तुटलं कुठे? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला दिलासा मिळाला, पण दुरुस्ती करण्यात मालकाला रस उरला नाही आणि भाड्यासाठी नवी इमारत बांधणं आतबट्ट्याचं झालं. त्या पोकळीत ‘ओनरशिप फ्लॅट’ आला आणि त्याच्यासोबत बिल्डर. आधी माणसं एकत्र येऊन मग घर बांधत. आता घर आधी विकलं जाऊ लागलं आणि संस्था मागाहून. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, या उलट्या क्रमाला वळण लावायला आले. संस्था स्थापन करून द्या, जमिनीचं अभिहस्तांतरण करा, अशी सक्ती बिल्डरवर झाली. पाळली किती गेली, याचा अंदाज यावरून यावा की २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद वेगळी घालावी लागली. इमारतीत सभासद राहतात आणि सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, अशा घरात मालकीचा सूर कुणाच्या तोंडी राहणार?

बदलापूर या कथेत उशिरा आलं, आणि एकदम आलं. १९८३ मध्ये ते कल्याण महापालिकेत गेलं, १९९२ मध्ये बाहेर पडून कुळगाव-बदलापूर नगरपरिषद झाली. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोचली. शेजारच्या उल्हासनगरात १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी बराकी वाटून घेतल्या होत्या. तिथे छावणीच्या हुकमाखाली का होईना, माणसं आधी आली आणि सामाईक नळ-संडासाचे रिवाज त्यांच्यात घडत गेले. सोनिवलीच्या नव्या इमारतींत तो थर साचायला वेळच मिळाला नाही. ती जागा छापील यादीनं घेतली.

कायद्याची खरी वृत्ती पाटीवर दिसत नाही, मेंटेनन्सच्या बिलात दिसते. सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, मग कुणाची वन आरके असो की टू बीएचके. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यालासुद्धा. (१९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली मात्र खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. भांडण पेटण्याआधी आपली इमारत कुठल्या कायद्याखाली आहे एवढं पाहिलं तरी निम्मं भांडण वाचेल.) पाण्याचे पैसे नळजोडांच्या हिशेबानं. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, पण नेमका दर सर्वसाधारण सभेनं ठरवायचा. फ्लॅट भाड्यानं दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही; ही मर्यादा २००१ च्या सरकारी आदेशानं आली, कारण संस्था मनाला येईल तो आकडा लावत होत्या. भाडेकरूसाठी परवानगीची अटही २०१४ च्या आदर्श उपविधींत उरली नाही, संस्थेला आधी कळवलं की पुरे. दंड लावायचा तर आधी नोटीस, आणि दंडाचे दर सभेनं ठरवलेले हवेत. बिलाची ओळ न् ओळ सभासदाला मालक मानते, पाटी त्याला कूळ समजते. अविवाहितांना जागा नाही, कामवाल्या बाईंनी लिफ्ट वापरू नये, हे नियम बिलात कुठून येणार? ते उपविधींतून आलेलेच नाहीत.

यावर पहिला आक्षेप अनुभवी सेक्रेटरींचा असतो. सभेला माणसं येतात किती? साडेसातच्या लोकलनं घरी पोचणाऱ्याला रविवारची सभा नको असते; कमिटीनं हुकूम काढला नाही तर कचऱ्याचा डबासुद्धा हलणार नाही. यात तथ्य आहे, आणि कायद्यानं ते ओळखलेलं आहे. सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा वीस यांपैकी जी कमी ती. तेवढीही माणसं जमली नाहीत तर तहकूब सभा आहे त्या हजेरीवर चालते. याहून सैल दार ते काय असणार? रोजचा कारभार कमिटीनं खुशाल करावा. पण कुणी कुणाला घर द्यावं, कुणी कुठल्या लिफ्टनं जावं, हा रोजचा कारभार नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गावदेवीचा दाखला फसवा आहे, तिथे सगळे एकाच ज्ञातीचे होते. एका पंगतीत वाढलेल्यांना स्वतःचे नियम करणं सोपं. सोनिवलीच्या एकाच मजल्यावर कोकणातलं, खानदेशातलं, उत्तर प्रदेशातलं अशी घरं असतात. हे मान्य करायलाच हवं, आणि त्या एकजिनसीपणाचं कौतुकही नको. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. ‘शाकाहारी सोसायटी’वाल्यांना त्यातून बळ मिळतं. आपल्या १९६० च्या कायद्यात मात्र पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असं स्पष्ट कलम आहे. तेव्हा १९१५ चा वारसा अर्धाच घ्यावा: नियम करणारा आणि पाळणारा एक, हा भाग ठेवावा आणि ज्ञातीचं कुंपण सोडून द्यावं. शिवाय जिथे समान रिवाज नाहीत तिथेच नियमांवर आधी बोलणं भाग असतं. एकाच्या घरी पहाटे पाचला मिक्सर लागतो, दुसऱ्याच्या घरी रात्रपाळीचा माणूस त्याच वेळी झोपतो. हे बिल्डरच्या यादीला माहीत असायचं कारण नाही.

संस्था नोंदल्यापासून तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, हिशेब आणि कागदपत्रं ताब्यात घेतली जातात, कमिटी बसते, चहा होतो. गेटवरची यादी विषयपत्रिकेवर घेऊन एकेक कलम वाचायचं, कुठलं उपविधींत बसतं ते पाहायचं, उरलेल्यांवर हात वर करून मत घ्यायचं आणि नापास झालेलं पुसून टाकायचं, एवढ्याला त्या सभेचा फार तर तासभर जाईल.