उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

रात्री व्यवस्थित उभी केलेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसता 'टक्‌ टक्‌' आवाज करते, हा अनुभव अनेक मोटारमालकांना येतो. शेजारच्या गाडीवरून वायरी जोडून ती कशीबशी सुरू केली जाते. दोन दिवसांनी पुन्हा तेच घडते आणि मग नवी बॅटरी घेतली जाते. तीही आठवड्याभरात उतरली, की दोष बॅटरीत नव्हताच हे ध्यानात येते. पण तोवर काही हजार रुपये खर्ची पडलेले असतात. वास्तविक, बॅटरी बदलण्यापूर्वी तीन मोजमापे केली तर दोष नेमका कोठे आहे, हे बहुधा समजते. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे.

दोष बॅटरीत की गाडीत?

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब म्हणूनच १२.६ व्होल्टच्या आसपास येतो. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी अंदाजे निम्मी उतरलेली, तर १२ किंवा त्याहून कमी म्हणजे जवळपास रिकामी. हे झाले पहिले मोजमाप.

दुसरे मोजमाप इंजिन सुरू ठेवून करावे. या वेळी बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब दिसतो. तो १३ च्याही खाली असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा.

दोन्ही आकडे ठीक असतील, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण (काळी) वायर रात्रभर सोडवून ठेवावी. वायर सोडवूनही दाब घसरला, तर बॅटरीच निकामी झाली आहे. दाब टिकला आणि वायर जोडल्यावर मात्र बॅटरी उतरली, तर गाडीतच कोठेतरी विजेची गळती आहे.

गळती किती?

बंद गाडीही थोडी वीज घेतेच. घड्याळ, संगणकाची स्मृती, रिमोट कुलपाचा ग्राहक यांना मिळून साधारणतः २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने दोन आठवड्यांत निम्मी होते. याउलट डिकीतला पाच वॅटचा दिवा न विझता राहिला, तर तो एकटाच दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गाडी सुरू होणे कठीण होते.

तिसरे मोजमाप या गळतीचे. सर्व दिवे व उपकरणे बंद करून किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालावी. बॅटरीची ऋण वायर सोडवून ती वायर व बॅटरीचा ऋण खांब यांच्यामध्ये मीटर जोडावा. जोडताच आकडा बराच मोठा दिसला तरी घाबरू नये. गाडीतील संगणक 'झोपी' जाण्यास वीस ते चाळीस मिनिटे लागू शकतात. मीटर जोडलेला असताना गाडी कदापि सुरू करू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज जळतो. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघू शकतो, तेव्हा जवळ धूम्रपान करू नये आणि हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी वायरींना मात्र हात लावू नये. तेथे हे काम तज्ज्ञाकडेच सोपवावे.

चोर कसा पकडावा?

तासाभरानेही आकडा शंभर मिलिअँपिअरच्या वर राहिला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा एकदम खाली येतो, त्या शाखेत दोष असतो. दार उघडले की संगणक पुन्हा जागे होतात. म्हणून आतला फ्यूजबॉक्स तपासायचा असल्यास दार उघडे ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने आधीच बंद करून घ्यावे.

डिकीचा किंवा कप्प्याचा दिवा, चिकटलेला रिले आणि मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टीम, कॅमेरा वा जीपीएस यंत्र हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही, तर अल्टरनेटरमधील बिघडलेल्या डायोडचा संशय घ्यावा, कारण त्याची जाड वायर बहुधा या फ्यूजमधून जात नाही.

बॅटरी वारंवार पूर्ण उतरू देणे घातक असते. तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या मालकांना याचा प्रत्यय आला. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर ऋण वायर सोडवून ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी ती चालवावी. जागेवरच पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून बॅटरी पुरेशी भरत नाही.