सायंकाळचा भोंगा : मोबाईल, समाजमाध्यमे आणि ग्रामीण किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य

प्रस्तावना :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणीचा पडदा घरातील सर्वांसमोर असे. त्यावर वडीलधाऱ्यांची नजर राही. मोबाईलने तो पडदा एकट्याच्या हाती दिला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होताच मोबाईल हीच शाळा ठरली. पुढे शाळा उघडल्या; मोबाईल मात्र मुलांच्या हातातच राहिला. या स्थित्यंतराला ग्रामीण महाराष्ट्राने दिलेल्या प्रतिसादाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

समस्येचे स्वरूप :
२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजेच सर्व दोष मोबाईलच्या माथी मारता येत नाही. मात्र 'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अतिवापराने झोप घटते, इतरांशी तुलना वाढते आणि हेटाळणी घरापर्यंत पोहोचते. उलटपक्षी, आधीच एकाकी असलेले मूलही पडद्याकडे अधिक वळते. त्यामुळे कार्यकारणभाव एकेरी मानता येत नाही.

ग्रामसभांचा प्रतिसाद :
ऑगस्ट २०२२ मध्ये मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव, जि. सांगली) येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. त्याच वर्षी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील जकेकूरवाडीने (ता. उमरगा) सहा ते आठ ही वेळ ठरवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बान्सी (ता. पुसद, जि. यवतमाळ) ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. या दोन मार्गांत मूलभूत भेद आहे. बान्सीचा ठराव मुलांपुरता होता. भोंग्याचा नियम मात्र आईवडिलांनाही लागू होता. मुलाला अभ्यासाला बसवून स्वतः मालिका पाहण्याची सोय त्यात नव्हती.

निष्कर्ष :
भोंग्याचे सामर्थ्य शिक्षेत नसून सर्वांनी पाळावयाच्या समान शिस्तीत आहे. तथापि सायंकाळचा नियम रात्रीच्या जागरणाला आवर घालू शकत नाही आणि खचलेल्या मुलाचा उपचारही ठरत नाही. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' (१४४१६) या दूरध्वनी सेवेची माहिती शाळाशाळांत पोहोचणे अगत्याचे आहे. जकेकूरवाडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील परंडा तालुक्यानेही या प्रयोगाचा विचार करताना प्रारंभ मुलांपासून न करता घरातील मोठ्यांपासून करावा, हाच या घटनाक्रमाचा बोध होय.