कोरियन सूडपटांची हिंदी रूपांतरे

दक्षिण कोरियातील सूडकथांवर आधारलेले किंवा त्यांच्याशी ठळक साम्य असलेले काही हिंदी चित्रपट २००६ नंतर मुंबईत तयार झाले. यांपैकी 'एक व्हिलन' (२०१४) आणि 'रॉकी हँडसम' (२०१६) या दोन चित्रपटांचा मराठी कलावंतांशी निकटचा संबंध आहे. पहिल्यात रितेश देशमुख यांनी खलनायकाची भूमिका केली, तर दुसऱ्याचे दिग्दर्शन निशिकांत कामत यांनी केले. या दोन्ही चित्रपटांशी ज्यांचे नाते जोडले जाते, ते कोरियन चित्रपट ऑगस्ट २०१० मध्ये एकाच महिन्यात प्रदर्शित झाले होते. कोरियातील आणि भारतातील प्रेक्षकांनी या जोडीला दिलेला प्रतिसाद मात्र परस्परांच्या उलट होता.

पार्श्वभूमी

कोरियन सूडपटांकडे जगाचे लक्ष प्रामुख्याने पार्क चान-वूक यांच्या 'ओल्डबॉय' (२००३) या चित्रपटाने वेधले. २००४ च्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. एका जपानी चित्रकथेवर आधारित या चित्रपटात सूड घेणाऱ्या नायकावरच शेवटी सूड उगवला जातो. वडील आणि मुलगी यांच्या नात्याविषयीचा त्यातील उलगडा प्रेक्षकांना सर्वाधिक अस्वस्थ करणारा ठरला. संजय गुप्ता दिग्दर्शित 'जिंदा' (२००६) या हिंदी चित्रपटाचे कथानक 'ओल्डबॉय'शी मोठ्या प्रमाणात जुळते. त्यात हाणामारीची दृश्ये ठेवण्यात आली, परंतु हा उलगडा वगळण्यात आला.

मूळ कोरियन चित्रपट

'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' या ली जोंग-बॉम दिग्दर्शित चित्रपटात तारण ठेवून पैसे देणारा एक एकाकी दुकानदार शेजारच्या अपहृत मुलीचा शोध घेतो. चित्रपटाचे मूळ नाव 'अजॉशी' असे आहे. नात्यात नसलेल्या प्रौढ पुरुषाला कोरियन मुले याच शब्दाने हाक मारतात. मराठीत त्या जागी 'काका' हा शब्द येईल. अमली पदार्थांचा व्यापार, अवयवांची तस्करी आणि चाकूने होणाऱ्या लढती यांमुळे चित्रपट रक्तरंजित असला, तरी त्याच्या शेवटी मुलगी जिवंत सापडते. साठ लाखांहून अधिक तिकिटे विकली जाऊन तो त्या वर्षी कोरियात सर्वाधिक पाहिला गेलेला कोरियन चित्रपट ठरला.

'आय सॉ द डेव्हिल' हा किम जी-वून यांचा चित्रपट अधिक क्रूर आहे. गुप्तहेर असलेला नायक (ली ब्युंग-हुन) आपल्या वाग्दत्त वधूच्या मारेकऱ्याला (चोई मिन-सिक) पकडतो, जबर जखमी करतो आणि पुन्हा सोडून देतो. हा क्रम वारंवार घडतो. त्याची किंमत मात्र नव्या बळींना आणि वधूच्या कुटुंबीयांना मोजावी लागते. कोरियातील चित्रपट वर्गीकरण मंडळाने या चित्रपटाला आधी दोनदा मर्यादित प्रदर्शनाची श्रेणी दिली. या श्रेणीतील चित्रपट दाखवणारी चित्रपटगृहे प्रत्यक्षात उपलब्ध नसल्यामुळे सुमारे दीड मिनिटाची दृश्ये कापून तो प्रौढांसाठी प्रदर्शित करण्यात आला. त्याची तिकीटविक्री अठरा लाखांच्या आसपास राहिली. विदेशांतील महोत्सवांत त्याची वाखाणणी झाली. त्याच वेळी, हिंसेचा हेतू काय, असा आक्षेपही घेतला गेला. चित्रपटाच्या शेवटी सूड पूर्ण होतो, पण नायक रडत रस्त्याने चालत राहतो.

एक व्हिलन

मोहित सुरी दिग्दर्शित 'एक व्हिलन' २७ जून २०१४ रोजी प्रदर्शित झाला. मारेकऱ्याला मारायचे, बरे होऊ द्यायचे आणि पुन्हा मारायचे, या सूत्रामुळे समीक्षकांनी त्याची तुलना 'आय सॉ द डेव्हिल'शी केली. निर्मात्यांनी मात्र तो अधिकृत रूपांतर म्हणून सादर केला नव्हता. त्यातील मारेकरी राकेश महाडकर हा दूरध्वनी दुरुस्त करणारा, संसारी, मराठी आडनावाचा माणूस आहे. घरी पत्नीकडून ऐकून घेतलेल्या बोलण्याचा राग तो आपल्याशी तुटकपणे वागणाऱ्या परक्या स्त्रियांवर काढतो.

'मस्ती' आणि 'हाऊसफुल' यांसारख्या विनोदी चित्रपटांमुळे परिचित असलेल्या रितेश देशमुख यांना या रूपात पाहणे प्रेक्षकांना अनपेक्षित होते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्काराचे सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले. दोनच आठवड्यांनी, ११ जुलै २०१४ रोजी, त्यांची नायकाची भूमिका असलेला आणि निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला 'लय भारी' हा मराठी सूडपट प्रदर्शित झाला. दोन्ही चित्रपटांनी मोठा व्यवसाय केला. 'एक व्हिलन'चे भारतातील उत्पन्न १०० कोटी रुपयांच्या पुढे गेले.

रॉकी हँडसम

'डोंबिवली फास्ट' (२००५) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटात कामत यांनी संयम सुटलेल्या मध्यमवर्गीय माणसाची हिंसा दाखवली होती. मार्च २०१६ मध्ये प्रदर्शित झालेला 'रॉकी हँडसम' हे 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'चे अधिकृत रूपांतर होते. कथा गोव्यात घडते. जॉन अब्राहम यांनी दुकानदाराची, दिया चलवाड यांनी मुलीची, शरद केळकर यांनी पोलीस अधिकाऱ्याची, तर स्वतः कामत यांनी केविन परेरा या खलनायकाची भूमिका केली. साहसदृश्यांची प्रशंसा झाली, परंतु पटकथा आणि भावनिक परिणाम यांबाबत समीक्षक नाराज होते. तिकीट खिडकीवर चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही.

प्रतिसादातील फरक

कोरियात लोकप्रिय ठरलेल्या कथेचे रूपांतर भारतात मागे पडले आणि तेथे प्रेक्षकांना दुभंगणाऱ्या कथेशी साम्य असलेला चित्रपट येथे यशस्वी झाला. हा फरक केवळ हिंसेच्या प्रमाणावरून स्पष्ट होत नाही. 'आय सॉ द डेव्हिल'मध्ये वधूचा मृत्यू आरंभीच होतो आणि तिच्याविषयी प्रेक्षकाला फारसे कळत नाही. 'एक व्हिलन'मध्ये आयेशा (श्रद्धा कपूर) आणि गुरू (सिद्धार्थ मल्होत्रा) यांचे प्रेम पूर्वदृश्यांतून व गीतांतून विस्ताराने येते. त्यातील 'गलियाँ' हे गीत विशेष गाजले. शेवटी गुरू मारेकऱ्याच्या अनाथ मुलाला आधार देतो. मूळ कोरियन चित्रपटाने प्रेक्षकाला नाकारलेला दिलासा येथे असा परत मिळतो.

'रॉकी हँडसम'ने याउलट मूळ कथेची मांडणी बऱ्याच अंशी कायम ठेवली. नायकाच्या मृत पत्नीची (श्रुती हासन) पूर्वकथा त्यात असली, तरी चित्रपटाचा भर लढतींवरच राहिला. कोरियन प्रेक्षकांना 'अजॉशी' या एका हाकेतून जाणवणारे परक्या माणसाचे आपलेपण रूपांतराच्या इंग्रजी नावात उरले नाही.

निशिकांत कामत यांचे १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबाद येथे निधन झाले. 'एक व्हिलन'चा पुढील भाग 'एक व्हिलन रिटर्न्स' जुलै २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.