मागील पगाराचा प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत मुलीला कामाविषयी चार गोष्टी विचारून झाल्या की पाचवा प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो : “आधी पगार किती होता?” प्रश्न साधा दिसतो, परंतु पगार जागेचा की माणसाचा, हा जुना वाद त्यात दडलेला आहे.

आपल्या पुण्यात या वादाला एक उत्तर फार पूर्वी मिळाले. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांना सारखे वेतन असावे, असे तत्त्व होते. १८९० साली लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला, त्यामागील वादांत पगारवाढ व बाहेरची मिळकत हे विषय होतेच. पुढच्याच वर्षी धोंडो केशव कर्वे मुंबईतील शिकवण्या सोडून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास आले. नामदार गोखले तेथे दरमहा ७५ रुपयांवर राहिले. त्या पगारात त्याग होता खरा. पण पूर्वीच्या मिळकतीचे माप त्याला लावलेले नव्हते.

स्त्रियांना हे माप अधिक जाचते. समजा, एकाच कामासाठी तिला २०,००० व त्याला २५,००० रुपये मिळत होते. नव्या मालकाने दोघांनाही शेकडा २० वाढ दिली, तर २४,००० व ३०,००० होतात. वाढ सारखी, अंतर मात्र ५,००० चे ६,००० झाले! बाळंतपणासाठी नोकरी सोडलेल्या भगिनीचा जुना आकडा तर आणखीच मागे राहिलेला असतो.

समान कामास समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतील लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा यांनी त्याच्या आधारे दाद मागितली. पुरुष लघुलेखकांपेक्षा स्त्रियांना कमी वेतन होते. कामगार संघटनेशी तसा करार झालेला आहे, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मानली नाही. पूर्वी ठरले म्हणून अन्याय न्याय्य होत नाही, हाच त्या निकालाचा बोध होय.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून, नोकरी व पगार देऊ करण्यापूर्वी मागील पगार विचारण्यास मनाई केली. युरोपीय संघानेही २०२३ साली तसाच निर्बंध ठरविला. आपल्याकडे अशी मनाई नाही. तोवर आपल्या लेकीसुनांनी नम्रपणे पण निश्चयाने उलट विचारावे : “या जागेचा पगार किती ठरविला आहे?”